पॉवर सीट हलत नाही, किंवा मेमरी विसरते: मोड्यूल बदलण्याआधी काय तपासायचं

कोल्हापुरात मी गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. पूर्वी पॉवर सीटची तक्रार वर्षातून एखाददुसरी यायची, तीही मोठ्या गाडीची. आता मधल्या किमतीच्या एसयूव्हीतही ड्रायव्हरची सीट बटणावर हलते आणि दोन-तीन माणसांची बैठक लक्षात ठेवते, त्यामुळे महिन्याला तीन-चार गाड्या तरी याच कारणानं दारात उभ्या राहतात. त्यांतल्या बऱ्याच जणांना आधी कुठेतरी ‘मोड्यूल गेलंय, बदलावं लागेल’ असं सांगितलेलं असतं. मोड्यूल म्हणजे सीट चालवणारा आणि बैठक लक्षात ठेवणारा छोटा संगणक. माझ्या हाताखालून गेलेल्या सीटांपैकी खरोखर मोड्यूल गेलेल्या सीटा एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. बाकी ठिकाणी दोष निघाला तो बॅटरीत, सीटखालच्या कपलरमध्ये (वायरांच्या जोडणीत), रेलमध्ये (सीट ज्यावर सरकते त्या पट्ट्यांत) अडकलेल्या वस्तूत किंवा सीटची मोजणी चुकण्यात. यातलं निम्मं तपासायला पानासुद्धा लागत नाही. महागडा भाग मागवण्याआधी हे क्रमानं करून बघा.

लक्षणं

तुमच्या सीटचं दुखणं यातलं कुठलं आहे ते आधी नेमकं पकडा:

– बटण दाबलं तरी काहीच होत नाही, आवाजही नाही.
– आत ‘टिक’ असा रिलेचा (विजेनं चालणाऱ्या आतल्या स्विचचा) आवाज येतो, पण सीट हलत नाही.
– मोटर फिरल्याचा आवाज येतो, सीट मात्र जागच्या जागी.
– सीट दोन-तीन सेंटिमीटर सरकते आणि थांबते. पुन्हा दाबलं की पुन्हा तेवढीच.
– सीट एका बाजूनं पुढे जाते, वाकडी होते, अडकते.
– बटणांनी सगळं नीट चालतं, पण मेमरीचं १ किंवा २ दाबलं की दाद देत नाही.
– मेमरी चालते, पण सीट भलत्याच जागी जाऊन थांबते.
– बॅटरी बदलली किंवा टर्मिनल काढलं, तेव्हापासून सगळं विसरली.
– गाडी बंद केली की सीट आपोआप मागे जाते.
– सीट कोणी हात न लावता, मधूनच हलते.

शेवटचं लक्षण असेल तर पुढचं वाचत बसू नका. गाडी सपाट जागी उभी करा, सीट तुम्हाला नीट बसता येईल अशा जागी आणा आणि पॉवर सीटचा फ्यूज काढून ठेवा. चालत्या गाडीत सीट मागे सरकली तर ब्रेकपर्यंत पाय पोचत नाही. मागच्या सीटवर लहान मूल पाय सोडून बसलेलं असेल तर त्याच्या पायांना धोका, तो वेगळाच. त्या सीटचं काय करायचं ते पुढे स्विचच्या भागात लिहिलं आहे.

हालचाल की आठवण?

सगळ्यात आधी एवढंच ठरवा की दोष हालचालीचा आहे की आठवणीचा. सीटची बटणं एकेक करून दाबा: पुढे-मागे, उंची, पाठ, बैठकीचं पुढचं टोक. प्रत्येक दिशेला टोकापासून टोकापर्यंत सीट नीट जाते का? जात असेल तर मोटरा, रेल आणि जाड वायरिंग ठीक आहे, दोष आठवणीचा आहे आणि बहुतेक वेळा तो फुकटात जातो. एकच दिशा बंद असेल तर ती मोटर, तिची वायर किंवा स्विचचा तेवढा भाग. सगळ्याच दिशा एकदम बंद असतील तर फ्यूज, अर्थ (गाडीच्या पत्र्याला जोडलेली निगेटिव्ह वायर) किंवा मुख्य कपलर. चार मोटरा एकाच दिवशी जळत नाहीत; जळल्या असं कोणी पटवायला लागलं तरी पटवून घेऊ नका.

सीट कशी चालते, हे दोन वाक्यांत. आत १२ व्होल्टच्या तीन ते पाच छोट्या मोटरा असतात. मेमरी नसलेल्या सीटमध्ये मोटरचा पूर्ण करंट बहुधा स्विचमधूनच जातो, तर मेमरीच्या सीटमध्ये स्विच फक्त मोड्यूलला इशारा देतो आणि करंट मोड्यूलमधल्या रिलेतून जातो. म्हणून साध्या सीटमध्ये स्विचचे पॉइंट जळतात, मेमरीवाल्या सीटमध्ये ते क्वचितच.

काहीही न उघडता

गाडी पार्कमध्ये (P) आहे का, हँडब्रेक लागलाय का, ते बघा. बऱ्याच गाड्या चालत्या अवस्थेत मेमरीचा हुकूम घेतच नाहीत आणि ते योग्यच आहे. काही गाड्यांत दार उघडं असेल तर मेमरीचं बटण एकदा टोचलं तरी पुरतं, पण दार बंद असेल तर सीट जागेवर पोचेपर्यंत बटण दाबून धरावं लागतं. हात सुटला की सीट अर्ध्यावर थांबते आणि मालकाला वाटतं बिघडली. सीट मेमरीनं जात असताना दुसरं कुठलंही बटण लागलं तरी ती मुद्दाम थांबते. ती सुरक्षिततेची सोय आहे.

मग किल्ली. एक डॉक्टर काका तीन वेळा गाडी घेऊन आले होते. ‘सकाळी बसलो की सीट छातीला येते. परवा चांगली होती, आज परत तसंच.’ तिसऱ्या वेळी मी त्यांना विचारलं, ‘काका, ही किल्ली तुमचीच का?’ घरात दोन किल्ल्या, एकाच खुंटीला टांगलेल्या. हाताला येईल ती किल्ली ते उचलायचे. काकूंची किल्ली घेतली की गाडी काकूंची बैठक लावून द्यायची. सीट दोन्ही दिवशी बरोबरच वागत होती. आम्ही काकांच्या किल्लीला लाल दोरा बांधला. नव्या गाड्यांत हाच गोंधळ स्क्रीनवरच्या प्रोफाइलमुळे होतो. पाहुण्याचं प्रोफाइल निवडलेलं राहिलं तर तुम्ही काहीही साठवा, पुढच्या वेळी ते सापडत नाही.

गाडी बंद केल्यावर सीट मागे जाणं हा बहुतेक गाड्यांत बिघाड नसतो. उतरायला सोपं जावं म्हणून दिलेली ती सोय आहे आणि सेटिंगमध्ये बंद करता येते. फक्त मागे लहान मूल किंवा सामान ठेवत असाल तर ती बंदच ठेवा असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

आणखी एक. मुलांनी सीट खेळणं समजून पाच-दहा मिनिटं वरखाली केली असेल तर मोटरचं तापमान वाढून तिचं संरक्षण तिला बंद करतं. अर्धा तास सोडून द्या. थंड झाल्यावर चालली आणि पुन्हा तशी थांबली नाही, तर काही बिघडलेलं नाही. साध्या वापरातही ती अशीच तापून थांबत असेल, तर मात्र कुठेतरी ती जोर लावतेय. म्हणजे रेल बघायला हवी.

टॉर्च घेऊन सीटखाली

सीट हलत असेल तर पूर्ण मागे घेऊन पुढून आणि पूर्ण पुढे घेऊन मागून बघा. पाण्याची बाटली, छत्री, चार्जरची वायर, मुलांची गाडी, पाच रुपयांचं नाणं हे नेहमीचं. एका सीटखाली देवळातून आणलेला नारळ गडगडत जाऊन मोटर आणि फरशीच्या मध्ये अडकला होता. मोटर करंट घेत राहिली आणि फ्यूज उडत राहिला.

आमच्या भागात आणखी एक गोष्ट बघायला मिळते. जोतिबाच्या चैत्र यात्रेहून आलेल्या गाड्यांच्या रेलमध्ये गुलाल जातो. रेलला ग्रीस असतंच, त्यात गुलाल मिसळून घट्ट गुलाबी लगदा होतो आणि महिनाभरानं सीट रखडत चालायला लागते. उसाच्या हंगामातली धूळही असंच करते. लगदा सुती कापडानं आणि जुन्या टूथब्रशनं पुसून काढा, मग रेलवर पांढरं लिथियम ग्रीस अगदी पातळ लावा. गंज सोडवायचा स्प्रे मारू नका. तो आहे ते ग्रीस धुऊन काढतो, चार दिवस सीट छान चालते आणि नंतर आधीपेक्षा जास्त रखडते.

नंतर लावलेल्या वस्तू नीट बघा. सीट कव्हरचे इलॅस्टिक पट्टे आणि प्लॅस्टिकचे आकडे सीटखाली कुठे अडकवलेत? मी ते थेट वायरच्या जुडग्याला अडकवलेले पाहिले आहेत. सीट मागे गेली की पट्टा वायर ओढतो. जाड मॅट बसवताना वायरचं जुडगं मॅटखाली दाबलं जातं किंवा मॅटचा स्क्रू नेमका त्यातून जातो. गाडीच्या सीटमध्ये बाजूची एअरबॅग असेल तर तिच्या शिवणीवर बसणारं कव्हर तसंही लावू नये, कारण एअरबॅग ती शिवण फाडूनच बाहेर येते.

उंदरांच्या लेंड्या, कुरतडलेला फोम, बिस्किटाचा चुरा दिसला तर वायर बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

बॅटरी

हे पाच मिनिटांचं काम आहे आणि याच्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी बॅटरीच्या टर्मिनलवर मल्टिमीटर लावा. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली. १२.२ म्हणजे साधारण निम्मी. १२ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा, सीटचा विचार नंतर. इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांत साधारण १३.८ ते १४.५ दिसायला हवं. मग इंजिन बंद ठेवून कोणाला तरी सीट चालवायला सांगा आणि मीटरकडे बघा. चांगल्या बॅटरीचा आकडा जेमतेम हलतो. तो ११.५ च्या खाली कोसळत असेल तर दोष सीटच्या आधीच सापडला.

हे महत्त्वाचं का? बऱ्याच गाड्यांत मुख्य संगणक बॅटरी कमजोर दिसली की आधी चैनीच्या वस्तू बंद करतो: सीट, सीटचा हीटर, पंखा. इंजिन सुरू होण्यापुरती ताकद त्याला राखून ठेवायची असते. बाहेरून दिसतं असं की गाडी सुरू होते, दिवे लागतात, फक्त सीट मेली. शिवाय सीट चालत असतानाच व्होल्टेज कोसळलं तर मोड्यूलची मोजणी चुकते आणि आठवणीचा दोष मागे लागतो. टर्मिनल हातानं हलतंय का, त्यावर पांढरी-हिरवी पूड आलीय का, हेही त्याच वेळी बघून घ्या.

फ्यूज

झाकणावरच्या नकाशात पॉवर सीटचे बहुधा दोन फ्यूज असतात. मोटरांसाठी मोठा, २५ ते ४० अँपिअरचा, आणि मोड्यूलच्या डोक्यासाठी छोटा, ५ ते १० चा. मोठा गेला तर हालचाल बंद. छोटा गेला तर काही गाड्यांत मेमरीच बंद पडते, काहींत सगळंच. लोक मोठा बघतात, शाबूत दिसतो, आणि फ्यूज ठीक आहे असं सांगतात. दोन्ही बघा आणि नुसते डोळ्यांनी नको, टेस्ट लॅम्प (वीज आली की लागणारा तपासणीचा दिवा) दोन्ही टोकांना लावून बघा.

तितक्याच अँपिअरचा नवा फ्यूज घाला. तो लगेच उडाला तर दुसरा घालू नका आणि मोठ्या अँपिअरचा तर अजिबात नको. फ्यूज उडणं म्हणजे सीटखाली कुठेतरी वायर पत्र्याला टेकलीय. मोठा फ्यूज घातला की जळायची पाळी त्या वायरची येते आणि तिच्याभोवती फोम आणि गालिचा असतो. इथे थांबून इलेक्ट्रिशियन गाठा.

मोजणी पुन्हा शिकवणं

आठवणीच्या तक्रारींत मला सर्वांत जास्त यश इथे मिळतं आणि याला एक पैसा लागत नाही.

सीट कुठे आहे हे मोड्यूलला दिसत नाही. ते फक्त मोजतं. मोटरच्या शेपटीत चुंबक असतं, ते फिरताना हॉल सेन्सर (चुंबक ओळखणारा सेन्सर) ठोके देतो. काही जुन्या गाड्यांत ठोक्यांऐवजी फिरता रेझिस्टर असतो, त्यांना हे लागू नाही. अंधारात जिना चढताना आपण पायऱ्या मोजतो तसं मोड्यूल टोकापासून किती ठोके झाले ते मोजून ‘मेमरी १’ची जागा ठरवतं. मोजता मोजता कोणी मध्येच बोललं की आपला आकडा चुकतो आणि पुढची प्रत्येक पायरी चुकते. सीटचंही तेच. चालू मोटर असताना वीज गेली, बॅटरी बदलली, किंवा कोणी मोड्यूल बाजूला ठेवून मोटरला थेट बॅटरी लावून सीट सरकवली, तर सीट हलली पण ठोके मोजलेच गेले नाहीत. नंतर १ दाबलं की सीट दरवेळी तितक्याच सेंटिमीटरनं चुकीच्या जागी जाते. काही गाड्या मोजणी चुकल्याचं ओळखून मेमरीच बंद करतात.

पद्धत गाडीगणिक थोडी वेगळी असते, म्हणून गाडीसोबतचं पुस्तक आधी उघडा. साधारण क्रम असा. मागच्या सीटवर कोणी नको, सीटखाली काही नको. इंजिन चालू करा, म्हणजे व्होल्टेज टिकून राहतं. हँडब्रेक लावा. सीट पूर्ण पुढे न्या आणि टोकाला पोचल्यावरही बटण तीन ते पाच सेकंद दाबून धरा. मग पूर्ण मागे, तिथेही तसंच. याच रीतीनं उंची, पाठ आणि बैठकीचं पुढचं टोक. पाठ पुढे वाकवताना मान तिथून काढा. टोकाला पोचल्यावर मोटर अडते आणि त्या अडण्यावरून मोड्यूलला कळतं की इथे शून्य. एकही हालचाल अर्धवट सोडू नका, कारण त्या दिशेचं शून्य जुनंच राहतं.

शेवटी बैठक नव्यानं भरा: सीट आणि आरसे नीट लावा, ‘सेट’ दाबा आणि लगेच, पाचेक सेकंदांच्या आत, १ दाबा. ‘टुं’ आवाज आला की साठलं. ती ‘टुं’ न ऐकताच लोक उठतात.

दोन-तीन दिवसांनी मेमरी पुन्हा थोडी सरकली तर शिकवणं चुकलेलं नाही. ठोके गळताहेत. मग पुढे चला.

स्विच

चहा, उसाचा रस, पावसात उघडी राहिलेली काच. या तिन्हींनी स्विचचं बटण चिकट होतं. बटण सोडल्यावर ते टुणकन जागेवर येतं का ते बघा. आपोआप हलणाऱ्या सीटसाठी माझी पहिली चाचणी हीच: इग्निशन बंद करून फ्यूज काढायचा, स्विचचा कपलर सोडवायचा, कपलर सुटाच ठेवून फ्यूज परत घालायचा, मग इग्निशन चालू करून गाडीबाहेर उभं राहून बघायचं. सीट शांत राहिली तर स्विच दोषी. स्विच सुटलेला असूनही सीट हलली तर मोड्यूलमधला रिले चिकटलाय, आणि ही त्या मोजक्या वेळांपैकी एक, जेव्हा मोड्यूल खरंच गेलेलं असतं. स्विचच्या पट्टीला एअरबॅगची वायर लागून जात असेल तर हे स्वतः करू नका.

पिवळ्या कपलरबद्दल, पुढे जाण्याआधी

सीटखाली पिवळा कपलर किंवा पिवळ्या आवरणाची वायर दिसली तर ती एअरबॅगची किंवा सीटबेल्ट आवळणाऱ्या यंत्रणेची आहे. तिला मीटर लावायचं नाही, टेस्ट लॅम्प तर नाहीच. मीटरच्या ओहमच्या मापात थोडा करंट असतो आणि त्या यंत्रणेतल्या स्फोटक दारूला पेट घ्यायला फार करंट लागत नाही. काम करायचंच असेल तर इग्निशन बंद, बॅटरीचं निगेटिव्ह बाजूला, आणि गाडीच्या पुस्तकात सांगितलेला वेळ थांबायचं. मी दहा मिनिटांपेक्षा कमी कधीच थांबत नाही. अपघातात बॅटरी तुटली तरी एअरबॅग उघडावी म्हणून तिच्या मोड्यूलमध्ये वीज साठवलेली असते, ती उतरायला वेळ लागतो. पिवळा कपलर सुटा असताना इग्निशन चालू केलं तर एअरबॅगचा दिवा लागतो आणि बहुतेक गाड्यांत तो स्कॅनरशिवाय (गाडीच्या संगणकातले दोष वाचणाऱ्या यंत्राशिवाय) जात नाही.

कपलर आणि वायर

मधूनमधून होणाऱ्या बिघाडाचं सर्वांत मोठं कारण हे. सीट हजारो वेळा मागेपुढे होते आणि तिच्याबरोबर वायरचं जुडगंही वाकतं. बाहेरून आवरण धडधाकट दिसतं, आत तांब्याच्या तारा एकेक तुटत जातात. ओळखायची खूण म्हणजे सीट एका ठरावीक जागीच मरते आणि तिथून हातानं जुडगं थोडं हलवलं की चालू होते. जुडग्यात पिवळी वायर मिसळलेली असेल तर हलवू नका.

दुसरं कारण पाणी. एसीच्या पाण्याची नळी तुंबली की ते पाणी गालिच्याखाली येतं, सनरूफच्या नळ्या तुंबल्या की खांबांतून खाली उतरतं. वरून गालिचा कोरडा वाटतो, खालचा फोम मात्र पिळला तर पाणी निघतं आणि कपलर त्याच ओलीत पडलेला असतो. पिनांवर हिरवी पूड दिसली तर बॅटरीचं टर्मिनल काढून कॉन्टॅक्ट क्लीनर आणि मऊ ब्रशनं साफ करा, पूर्ण वाळू द्या. पण पाण्याची वाट बंद केल्याशिवाय हे दुरुस्त झालं असं समजू नका, पुढच्या जूनमध्ये ते परत येईल.

पुराच्या गाड्या वेगळ्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं, त्यात उभ्या असलेल्या गाड्यांच्या सीटा पुढची दोन वर्षं माझ्याकडे येत राहिल्या. पूर ओसरल्यावर चालणारी सीट सहा महिन्यांनी बंद पडायची, कारण गाळ मोटरच्या आत बसलेला आणि पिना हळूहळू खाल्ल्या गेलेल्या. जुनी गाडी घेत असाल तर सीटच्या रेलच्या कोपऱ्यांत वाळलेला गाळ आणि बोल्टवर गंज आहे का बघा, आणि सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर मातीची रेघ आहे का तेही.

आता मोजमाप. नुसता मीटर लावून ‘१२ व्होल्ट येतंय’ म्हणणं पुरेसं नाही. वायरची एकच तार शाबूत असली तरी मीटर १२ दाखवतं, पण मोटरला लागणारा करंट त्या एका तारेतून जात नाही. म्हणून मोजायचं ते बटण दाबलेलं असताना, मोटर ओढत असताना. मोटरच्या कपलरवर मिळणारं व्होल्टेज बॅटरीपेक्षा साधारण अर्ध्या व्होल्टहून जास्त कमी असेल तर वाटेत कुठेतरी व्होल्टेज पडतंय. अर्थसाठी मीटरचं एक टोक सीटच्या अर्थच्या थिंबलवर (वायरच्या टोकाच्या कडीवर), दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हवर. मोटर चालू असताना ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थचा बोल्ट सोडा, खालचा गंज घासा, पुन्हा आवळा. ‘मोड्यूल गेलंय’ म्हणून माझ्याकडे आलेल्या कितीतरी सीटा या एका बोल्टानं बऱ्या झाल्या आहेत. मीटरचा सराव नसेल तर मोटरचा कपलर काढून मोटरच्या जागी २१ वॉटचा बल्ब लावा आणि बटण दाबा. तो जवळजवळ पावणेदोन अँपिअर ओढतो, त्यामुळे कमजोर वायर मंद उजेडानं लगेच उघडी पडते.

मोटर आणि हॉल सेन्सर

सीट दोन-तीन सेंटिमीटर जाऊन थांबते, पुन्हा दाबलं की पुन्हा तेवढीच, हे लक्षण आठवतंय? मोटर ठणठणीत असते. मोड्यूल तिला चालवतं, ठोके येत नाहीत, त्याला वाटतं मोटर अडकली, म्हणून ते करंट तोडतं. मोटरच्या कपलरमध्ये दोन जाड वायरा मोटरच्या आणि दोन-तीन बारीक वायरा सेन्सरच्या असतात. आधी त्या बारीक पिना बघा, त्यातली एक मागे सरकलेली किंवा काळवंडलेली सापडते. स्कॅनर असेल तर सीट चालवताना थेट आकडे बघा: आकडा पुढे सरकतोय की गोठलाय?

मोटर थेट तपासायची असेल तर तिचा कपलर काढून २० अँपिअरचा फ्यूज असलेल्या वायरनं फक्त दोन जाड पिनांना बॅटरी द्या, क्षणभरच. बारीक पिनांना १२ व्होल्ट दिले तर चांगला सेन्सर जळतो. आणि अशी सीट सरकवली की वर सांगितलेली मोजणी पुन्हा शिकवायची.

रेल आणि लवचीक शाफ्ट

मोटर फिरते पण सीट हलत नाही, तेव्हा मोटर आणि रेलमधल्या लवचीक शाफ्टचं चौकोनी टोक झिजून गोल झालेलं असतं किंवा प्लॅस्टिकचा गिअर दात सोडतो आणि ‘कट कट’ आवाज येतो. एकच शाफ्ट गेला तर एक रेल पुढे जाते, दुसरी नाही, आणि सीट वाकडी होऊन जाम होते. वाकडी सीट बटणानं सरळ करायचा प्रयत्न करू नका, चांगल्या बाजूचा गिअरही जातो. शाफ्ट बदलताना दोन्ही रेल अगदी समान जागी आणून मगच जोडाव्या लागतात. त्यासाठी सीट काढावी लागते, तिचं वजन बरंच असतं, आणि बसवताना बोल्ट ठरलेल्या टॉर्कलाच (जोरालाच) आवळावे लागतात, कारण टक्कर झाली तर माणसासकट सीट त्या चार बोल्टांवरच धरलेली असते. हे काम मी घरी करायला सांगत नाही.

कुठे थांबायचं

एअरबॅगचा दिवा लागला. नवा फ्यूज पुन्हा उडाला. जळका वास आला किंवा कपलर वितळलेला दिसला. सीट वाकडी झाली, किंवा बसल्यावर रेलमध्ये हलते, खडखडते. स्विच सोडवूनही सीट आपोआप चालते. गाडी पुरात होती. यांतलं काहीही असेल तर हात थांबवा. गाडी वॉरंटीत असेल तर एकही वायर कापू नका, टेप गुंडाळू नका. मोड्यूल बदलायचंच ठरलं तर ते गाडीशी कोडिंग करून जोडावं लागतं. भंगारातून आणलेलं तसंच लावलं तर बहुतेक गाड्या ते ओळखत नाहीत.

दुरुस्तीपर्यंत गाडी चालवायची असेल तर फ्यूज काढण्याआधी सीट अशी लावा की ब्रेक पूर्ण दाबता येतो आणि स्टिअरिंगच्या मध्यापासून छाती किमान २५ सेंटिमीटर दूर राहते. तेवढं अंतर एअरबॅगला फुगायला लागतं. सीट तशी लागतच नसेल तर गाडी ओढून न्या.

कारागिराकडे जाताना कागदावर लिहून न्या: कुठली दिशा, कुठल्या जागी मरते, गार असताना की तापल्यावर, पावसानंतर की रोज, आणि शेवटची बॅटरी कधी काढली. बॅटरी सोडण्याआधी स्कॅनर लावून दोषाचे कोड वाचून घ्यायला सांगा. काही गाड्यांत टर्मिनल काढलं की ते पुसले जातात, आणि मग जो दोष मधूनच दिसतो त्याची पुन्हा वाट बघत बसावी लागते.